विश्लेषण : ल्युकेमियाच्या फाइलमध्ये फ्लूच्या लसीचे पान का नाही?

पाऊस सुरू झाला की सर्दी-तापाच्या रुग्णांनी दवाखाने भरू लागतात. बहुतेकांचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. क्रॉनिक ल्युकेमियाच्या रुग्णासाठी मात्र तोच ताप न्यूमोनियापर्यंत आणि पुढे अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकतो. महागड्या गोळ्या, ठरावीक महिन्यांनी होणारी रक्ततपासणी, पुढच्या भेटीची तारीख, हे सारे रुग्णाच्या फाइलमध्ये असते. वर्षातून एकदा घ्यायच्या फ्लूच्या लसीची नोंद मात्र अनेकदा नसते. ही लस कोणी, कधी आणि कोणती घ्यावी, आणि ती रुग्णापर्यंत का पोहोचत नाही?

क्रॉनिक ल्युकेमिया म्हणजे काय?

ल्युकेमिया म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग. काही ल्युकेमिया दिवसा-आठवड्यांत बळावतात, तर काही वर्षानुवर्षे संथपणे वाढतात. संथ वाढणाऱ्यांना ‘क्रॉनिक’ म्हणतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, भारतात तरुण आणि मध्यमवयीन माणसांतही बऱ्यापैकी आढळतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, प्रामुख्याने उतारवयात होतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात कमी दिसतो.

सीएमएलच्या उपचाराचे चित्र ‘इमॅटिनिब’ या गोळीने पालटले. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मंजुरी मिळाली. भारतात मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या पुढे होता, तर भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. या औषधाच्या पेटंटवरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. वेळेवर गोळ्या घेणारा सीएमएलचा रुग्ण आज जवळपास सामान्य माणसाइतके आयुष्य जगू शकतो. सीएलएलचे अनेक रुग्णही औषधाविना नुसत्या देखरेखीवर कित्येक वर्षे घालवतात. म्हणजे हे रुग्ण रुग्णालयात पडून नाहीत. ते कार्यालयात जातात, लोकलने प्रवास करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. साहजिकच, फ्लूची गाठही त्यांना रोजच्या व्यवहारातच पडते.

पांढऱ्या पेशी लाखावर, मग प्रतिकारशक्ती कमी कशी?

हा प्रश्न बहुतेक कुटुंबांना पडतो. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. ल्युकेमियात हा आकडा लाखावरही जातो. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात हे शाळेत शिकलेले असते. त्यामुळे पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली, असा समज होतो.

प्रत्यक्षात वाढलेल्या पेशी कामाच्या नसतात. सीएलएलमध्ये ‘बी’ प्रकारच्या लिम्फोसाइट पेशींची बेसुमार वाढ होते. शरीरात प्रतिपिंडे तयार करण्याचे काम याच पेशींच्या वंशाकडे असते. कर्करोगग्रस्त पेशी ते काम करत नाहीत आणि उरलेल्या निरोगी पेशींनाही करू देत नाहीत. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रतिपिंडांचे प्रमाण हळूहळू घटत जाते. म्हणूनच सीएलएलच्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत संसर्गाचा क्रमांक वरचा आहे. उपचार सुरू न झालेल्या रुग्णालाही हा धोका असतो.

सीएमएलमध्ये स्थिती तुलनेने बरी असते. गोळ्यांनी आजार आटोक्यात असेल, तर प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी शाबूत राहते. मात्र गोळ्यांमुळे न्यूट्रोफिल या पेशी घटल्या, आजार पुढच्या टप्प्यात गेला किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तर धोका वाढतो. त्यामुळे ‘ल्युकेमिया आहे’ एवढ्यावर न थांबता कोणता प्रकार, कोणता टप्पा आणि कोणते औषध हे पाहावे लागते.

फ्लूची लस कोणती घ्यावी?

फ्लूच्या लसीचे दोन प्रकार आहेत. दंडात टोचली जाणारी लस निष्क्रिय विषाणूंपासून किंवा त्यांच्या प्रथिनांपासून बनते. नाकात फवारली जाणारी लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ल्युकेमियाच्या रुग्णाने फक्त टोचायची, निष्क्रिय लसच घ्यावी. नाकातली लस निरोगी माणसाला चालते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला ती देत नाहीत.

महाराष्ट्रात हा फरक सांगणे विशेष गरजेचे आहे. देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकातून द्यायची लस आणली आणि सुई नको असलेल्या अनेकांनी तिला पसंती दिली. त्यामुळे ‘नाकातली चालेल का?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. ल्युकेमियाच्या रुग्णासाठी त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसींबाबतही हाच नियम लागू होतो.

टोचायच्या लसीने फ्लू होतो, हा समज चुकीचा आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, अंग कसकसणे, एखादा दिवस बारीक ताप येणे, एवढा त्रास होऊ शकतो. प्लेटलेट कमी असतील तर लस देणाऱ्याला आधी सांगावे. बारीक सुई वापरून टोचल्यावर ती जागा दोन-तीन मिनिटे दाबून धरली जाते. तीव्र ताप असताना लस पुढे ढकलतात. आधीच्या फ्लू लसीची गंभीर अॅलर्जी आली असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याखेरीज ती घेऊ नये.

कोणत्या महिन्यात घ्यावी?

इंटरनेटवर शोधले तर बहुतेक ठिकाणी ‘सप्टेंबर-ऑक्टोबर’ असे उत्तर मिळते. ते युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्याला धरून असते. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट सहसा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरदरम्यान येते. जानेवारी ते मार्च या काळात आणखी एक लाट येऊ शकते. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ विषाणूमुळे देशभर तसे झाले होते. श्रीनगरसारख्या थंड भागात मात्र हिवाळ्यातलीच लाट मोठी असते.

लस घेतल्यापासून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे महाराष्ट्रातील रुग्णासाठी एप्रिल-मे हा योग्य काळ. तो हुकला म्हणून वर्षभर थांबायचे कारण नाही. लाट ओसरेपर्यंत कधीही घेतलेली लस उपयोगी पडते. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीतील घटक ठरवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही, ती यामुळेच. बी/यामागाटा हा विषाणू मार्च २०२० नंतर आढळलेला नाही. त्यामुळे चार घटकांच्या लसीऐवजी तीन घटकांची लस देण्याची शिफारस आता झाली आहे. ‘तीनची मिळाली, चारची नाही’ म्हणून नाराज होण्याची गरज नाही.

उपचारांचे वेळापत्रकही पाहावे लागते. सीएलएलमध्ये दिले जाणारे रिटक्सिमॅबसारखे औषध ‘बी’ पेशी जवळपास संपवते. ते सुरू करण्याच्या किमान दोन आठवडे आधी लस घेतली तर तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. उपचार झाल्यावर पुढचे सहा महिने लसीला प्रतिसाद फार कमी मिळतो. प्रत्यारोपण झालेल्यांना लस साधारण सहा महिन्यांनी दिली जाते. म्हणून लसीचा विषय उपचाराची योजना आखतानाच निघायला हवा.

लस नीट लागू पडत नसेल, तर घ्यायची कशाला?

निरोगी माणसांतही फ्लूची लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. लस आणि फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला जमलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागेल अशा आजाराची शक्यता ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. ल्युकेमियात हा लाभ आणखी घटतो.

किती घटू शकतो, याचा अंदाज कोविड लसीच्या अनुभवावरून येतो. इस्रायलमध्ये सीएलएलच्या १६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फायझरच्या दोन मात्रांनंतर त्यातील सुमारे ४० टक्के रुग्णांतच प्रतिपिंडे तयार झाली. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. इब्रुटिनिबच्या गटातील औषधे चालू असलेल्यांत ते १६ टक्के निघाले. आधीच्या १२ महिन्यांत रिटक्सिमॅबसारखी औषधे घेतलेल्यांपैकी एकातही प्रतिपिंडे आढळली नाहीत. हे आकडे कोविड लसीचे आहेत, फ्लूच्या नव्हेत. पण प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी त्याच आहेत.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, अर्धवट संरक्षण हे शून्य संरक्षणापेक्षा कितीतरी बरे. फ्लू झालाच तरी तो न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यता त्याने कमी होते. दुसरा, रुग्णाला एकट्याला लस देऊन भागत नाही. ज्याच्या शरीरात लस कमी काम करते, त्याच्या भोवतीच्या माणसांत ती चांगली काम करते. त्यामुळे पती-पत्नी, मुले, सुना, नातवंडे, स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, या सर्वांची लस ही रुग्णाच्याच उपचाराचा भाग आहे. घरच्यांनी घ्यायची तीही शक्यतो टोचायची लस असावी.

मग ही लस रुग्णापर्यंत का पोहोचत नाही?

पहिले कारण, जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही. कर्करोगतज्ज्ञाकडे गर्दी असते. पेशींची संख्या, औषधाची मात्रा, दुष्परिणाम यांवर बोलता बोलता वेळ संपतो. लसीचे काम फॅमिली डॉक्टर करतील, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. फॅमिली डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाला सुई टोचायला कचरतात आणि ‘तुमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारा’ असे सांगतात. पुढची तारीख तीन महिन्यांनी असते, तोवर पावसाळा उलटून गेलेला असतो. यात कोणा एका डॉक्टरची चूक दाखवता येत नाही, पण नुकसान रुग्णाचे होते.

दुसरे कारण धोरणाचे आहे. भारतात लस म्हटले की बाळे आणि गर्भवती महिलाच डोळ्यांपुढे येतात. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ४५ वर्षांवरील भारतीयांच्या २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीत ही लस घेतलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आढळले होते. ज्या देशात निरोगी प्रौढच लस घेत नाहीत, तेथे कर्करोगाच्या रुग्णाने ती स्वतःहून मागावी ही अपेक्षा फार मोठी आहे.

तिसरे कारण पैशांचे. खासगी दवाखान्यात ही लस साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. चौघांच्या घराला सहा-आठ हजार लागतात. गावाहून मुंबईला उपचारासाठी येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम छोटी नाही. सरकारी आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांच्या पॅकेजवर चालतात. न्यूमोनिया होऊन दाखल व्हावे लागले तर खर्च मिळतो. तो न्यूमोनिया टाळणारी सुई सहसा त्या चौकटीत बसत नाही. एका रुग्णाचे अतिदक्षता विभागातील काही दिवस आणि एका कुटुंबाची लस, यांत स्वस्त काय हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

घरात कोणती खबरदारी घ्यावी?

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू लागतो. म्हणून ‘खोकला दिसला की दूर राहू’ हे पुरेसे नाही. लाटेच्या काळात लोकल, बस, रुग्णालयाची ओपीडी, लग्नाचा हॉल, गणपतीच्या मंडपातील गर्दी अशा ठिकाणी रुग्णाने नीट बसणारा मास्क लावावा. दर्शनाला जायचेच असेल तर रांग नसलेली सकाळची वेळ निवडावी. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुणे ही घरातल्या प्रत्येकाची सवय हवी.

आजारी माणसाला भेटायला जाणे ही आपल्याकडची रीत आहे. त्यामागे मायाच असते. पण नाक गळत असताना फळे घेऊन येणारा पाहुणा रुग्णाचे नुकसान करतो. ‘बरे नसेल तर आठवड्याने या, आज फोनवर बोलू,’ हे सांगण्याची जबाबदारी रुग्णावर टाकू नये. घरातल्या थोरा-मोठ्यांनी ती उचलावी.

घरातील बाळाचे लसीकरण अजिबात चुकवू नये. पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या तोंडावाटे द्यायच्या लसी मात्र जिवंत असतात आणि काही काळ बाळाच्या शीतून बाहेर पडतात. त्या दिवसांत लंगोट बदलण्याचे काम रुग्णाकडे देऊ नये. घरात कमी प्रतिकारशक्तीचा रुग्ण आहे, हे बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगावे.

फ्लूपाठोपाठ येणारा न्यूमोनिया अनेकदा न्यूमोकॉकस जिवाणूमुळे होतो. त्याची लस वेगळी असते आणि ती दरवर्षी घ्यावी लागत नाही. नागिणीवरची निष्क्रिय प्रकारची लसही भारतात २०२३ पासून मिळते. या दोन्हींबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना विचारावे. पेशी फार कमी असताना उघड्यावरचा उसाचा रस, कच्ची मोडाची कडधान्ये, न तापवलेले दूध टाळावे. गॅलरीतील कबुतरांची विष्ठा साफ करणे, कुंड्यांची माती उकरणे ही कामे दुसऱ्या कोणीतरी करावीत. त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

ताप आलाच तर काय करावे?

घरात थर्मामीटर असावा आणि आकडा लिहून ठेवावा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. पेशी कमी असल्याचे आधीच सांगितले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. पॅरासिटामॉल घेऊन ‘सकाळी बघू’ म्हणण्यात अडचण अशी की ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे ही थेट रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

येथे एक सरकारी नियम प्रत्येक रुग्णाला ठाऊक हवा. स्वाइन फ्लूच्या साथीपासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे ए, बी आणि सी असे गट आहेत. सौम्य लक्षणांच्या निरोगी माणसाला, म्हणजे ‘ए’ गटाला, फ्लूविरोधी औषधाची गरज नसते. पण लक्षणे सौम्य असली तरी रक्ताचे विकार किंवा कर्करोग असलेला रुग्ण ‘बी’ गटात येतो. त्याला चाचणीच्या निकालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर सुरू करावे, असे या सूचना सांगतात. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ‘व्हायरल आहे, तीन दिवस बघा’ हा सल्ला शेजाऱ्यासाठी योग्य असेल. ल्युकेमियाच्या रुग्णासाठी त्या तीन दिवसांत औषधाची वेळ निघून जाते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नये. फ्लूच्या विषाणूवर ते चालत नाही. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक इमॅटिनिब किंवा इब्रुटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. नव्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची यादी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेली असावी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये.

काय बदलायला हवे?

यासाठी नवे औषध शोधण्याची वा मोठ्या निधीची गरज नाही. ल्युकेमियाचे निदान झाले की फाइलमध्ये लसीकरणाचे एक पान लागले पाहिजे. त्यावर फ्लू आणि न्यूमोकॉकल लसीच्या तारखा, टाळायच्या लसी आणि घरातील कोणाकोणाला लस दिली याची नोंद असावी. ‘निष्क्रिय फ्लू लस द्यावी’ ही एक ओळ कर्करोगतज्ज्ञाने लिहून सही केली, तर गावातला डॉक्टर ती निर्धास्तपणे टोचू शकेल. ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो.

महाराष्ट्राकडे या वाटेवरचा अनुभव आहे. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर राज्याने गर्भवती महिला, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण, तसेच आरोग्य कर्मचारी यांना सरकारी रुग्णालयांत मोफत फ्लू लस देण्याचे पाऊल उचलले होते. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अशा यादीत ठळक उल्लेख हवा, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या किमान दोघांचाही. कर्करोग रुग्णालयांच्या ओपीडीतच एप्रिल-मेमध्ये लसीकरणाचे टेबल मांडले, तर रुग्णाला वेगळी फेरी मारावी लागणार नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनीही तेव्हाच लस घ्यावी, कारण त्यांच्याकडूनही संसर्ग रुग्णापर्यंत जाऊ शकतो.

ल्युकेमियाची गोळी सामान्यांच्या आवाक्यात राहावी म्हणून या देशाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. त्या गोळीने वाचवलेली वर्षे एका पावसाळी तापाने हिरावून घेऊ नयेत, यासाठी दरवर्षी लागणारी लस त्या मानाने किरकोळ किमतीची आहे. सरकारी निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर पुढच्या भेटीत रुग्णाने किंवा सोबत गेलेल्याने डॉक्टरांना एवढेच विचारावे : यंदाची फ्लूची लस कधी घेऊ, आणि घरच्यांनी कधी घ्यावी?